शुक्रवारची काजं

"हात हलता ठेव, बाई. थांबलेल्या हाताला आधी लाज चिकटते, मग गंज." आईचा हा आवाज मावशींच्या कानात लहानपणापासून घर करून होता. त्यांची साठी उलटली, बोटं आखडली, तो आवाज मात्र म्हातारा झाला नाही.

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात हाताने काजं करणाऱ्या दोघीच, मावशी आणि चिमणी. मालकांनी आठवडा चार दिवसांचा केला, पण अट घातली: माल कमी पडला की पाचवा दिवस पुन्हा सुरू. बायका हरखल्या. चिमणी म्हणाली, "मावशी, आता शुक्रवारी तरी माझं लेकरू मला ओळखेल!"

मावशींना मात्र वाट्याचे कोट संपवायला चार दिवस पुरेनात. सांगायचं कुणाला? गुरुवारी सुटताना त्या उरलेले कोट पिशवीत कोंबत, वर भाजीची जुडी ठेवत. शुक्रवारी दार लावून खिडकीतल्या उजेडाला बसत. त्यांचे यजमान सुई ओवून देत.

"सुट्टी तुला मिळाली आणि नोकरी मला लागली."

"अहो, हळू! भिंतीला कान असतात."

"असू देत. त्यांनाही एक सुई दे."

त्या हसत. टाका चुकला की तो उसवून पुन्हा घालत. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन ते कोट आपल्या ढिगात सरकवत.

अशाच एका सोमवारी कामावर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी दोघींचे ढीग शेजारी ठेवले. चिमणीचा जेमतेम पाऊण.

"मावशींकडून शीक जरा! या वयात त्यांचं चार दिवसांत उरकतं. तुझ्या एकटीपायी सगळ्यांची सुट्टी जायची."

"मास्तर, मी पाणी प्यायलासुद्धा उठत नाही हो."

"मन घरी ठेवून आल्यावर हात कसा चालणार?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

चिमणीने मान खाली घातली. हातातला दोरा ती नुसतीच बोटाभोवती गुंडाळत राहिली.

मावशींचा चेहरा तापला. कौतुक कानशिलात चपराक बसावी तसं बसलं. गप्प राहावं, तर या पोरीचा बळी. बोलावं, तर साऱ्याजणींचा शुक्रवार जाणार, आणि आपली अब्रूही. कुणाकडे बघायचं, तेही कळेना.

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"तिला बोलू नका, मास्तर. माझंही चार दिवसांत होत नाही. मी कोट चोरून घरी नेते, शुक्रवारभर काजं करते."