बाहेर उघडणारं दार

लहानपणापासून दिसेल त्या वस्तूचं माप घ्यायची खोड, म्हणून मामा तिला पट्टी म्हणायचा. पुढे घरात सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. आईची नोकरी दुसऱ्या शहरात, तेव्हा आर्किटेक्चर शिकायला पट्टी मामाकडे राहिली. मामाचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. ग्रिल, जिने, रेलिंग. काम मामा करायचा, ऑर्डरी आणि माणसं मामी सांभाळायची.

पाचव्या वर्षाच्या आधी सहा महिने एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम केल्याचं पत्र लागायचं. पत्र नाही तर पदवी नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांचं कुणाच्या काकामुळे, कुणाच्या वडिलांच्या मित्रामुळे आधीच जमलं होतं. उरलेले अर्ज पाठवत बसले होते. पट्टीने इतके पाठवले की ‘आपल्या मार्गदर्शनाखाली शिकण्याची इच्छा’ हे शब्द टाइप करताना तिला स्वतःचीच चीड यायला लागली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने फोनवर स्पष्ट सांगितलं, “आम्ही मुली घेत नाही. साइटवर कटकट होते.” दुसऱ्याने तीन वेळा बोलावलं आणि तिन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसवून परत पाठवलं.

शेवटी शहरातल्या एका मोठ्या ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. आर्किटेक्ट पन्नाशीचे. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी तिची फाइल उघडलीसुद्धा नाही.

“कोणाच्या ओळखीने आलात?”

“कोणाच्या नाही, सर.”

“तरी आलात.” त्यांनी समोर बसलेल्या ऑफिसातल्या एका तरुणाकडे पाहिलं आणि तो हुकमी हसला. “बरं. एक छोटी चाचणी देतो. फिजिओथेरपी सेंटर, तळमजला. प्लॉटचा नकाशा रिसेप्शनवर मिळेल. तीन दिवस. पूर्ण ड्रॉइंग हवं, मापांसकट.”

छोटी चाचणी म्हणे. पट्टी तीन दिवस खुर्चीवरून उठली नाही. वाट बघणाऱ्या पेशंटला बसल्या जागेवरून बाहेरचं दिसावं म्हणून तिने खिडक्या खाली घेतल्या. रॅम्पला दोन रेलिंग दिली, एक मोठ्यांच्या हाताला आणि एक खाली, लहान मुलांच्या हाताला येईल अशी. रेलिंगचं टोक तिने जमिनीकडे गोल वळवलं. सरळ कापलेल्या पाइपात बाही अडकते, हे तिने वर्कशॉपमध्ये कितीदा पाहिलं होतं. शेवटच्या तासात तिच्या लक्षात आलं की आत उघडणारं दार बाकाला अडतंय. तिने दार फिरवून बाहेर उघडणारं केलं आणि ड्रॉइंग पाठवून दिलं.

आठवड्याने रिसेप्शनिस्टचा फोन आला. “सरांना काम कच्चं वाटलं. पुढच्या वर्षी प्रयत्न करा.”

कच्चं म्हणजे कुठे, ते शोधायला ती ड्रॉइंग घेऊन कॉलेजातल्या बाईंकडे गेली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि लाल पेनाने रॅम्पच्या वरच्या टोकाला गोल केला. रॅम्प संपतो तिथे दारासमोर जी सपाट जागा लागते, ती पट्टीने बाराशे मिलिमीटर ठेवली होती. दार आत उघडत होतं तोवर कसंबसं चाललं असतं. आता नऊशेचं दार त्याच जागेवर बाहेर उघडणार.

“व्हीलचेअरवरचा माणूस दार ओढणार कसा?” बाई म्हणाल्या. “त्याला मागे सरकावं लागेल. आणि मागे काय आहे? उतार.”

पट्टीचे कान गरम झाले. पण नकाराचं कारण हाती लागलं, तेव्हा तिने तो विषय तिथेच मिटवला.

तीन आठवड्यांनी मामा एक गुंडाळी घेऊन घरी आला. खुशीत होता. एका काँट्रॅक्टरकडून रेलिंगचं मोठं काम आलं होतं, आणि हे नीट झालं तर पुढची दोन कामंही त्याच्याकडेच येणार होती. त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि कोपऱ्यांवर पेले ठेवले.

“पट्टे, हे बघ. रेलिंगचं टोक कसं खाली वळवलंय. कोणीतरी डोकं चालवलंय बरं का.”

पट्टीने वाकून पाहिलं. दोन रेलिंग, एक वर, एक खाली. खाली घेतलेल्या खिडक्या. तिने बोट सरकवत दारापर्यंत नेलं. बाराशेची सपाट जागा आणि तिच्यावर बाहेर उघडणारं दार, जसंच्या तसं. कोपऱ्यातल्या चौकटीत त्या मोठ्या ऑफिसचं नाव होतं.

“मामा, हे माझं आहे.”

“काय तुझं?”

तिने खोलीतून आपली प्रत आणून शेजारी ठेवली. मामा बराच वेळ या कागदावरून त्या कागदावर बघत राहिला. त्याला ड्रॉइंग वाचता येत होतं, त्यामुळे समजावून सांगायची गरज नव्हती.

मामी हात पुसत आली. “असेल सारखं. एकसारखे काय कमी असतात?”

“चूकसुद्धा सारखी आहे मामी. ही चूक माझी आहे.”

“मग गप्प बस. चूक तुझी आहे असं गावभर सांगत फिरणार आहेस का?” मामी मामाकडे वळली. “पाइप आणायला उद्या माणूस जाणार आहे. हिला समजाव. हिच्या कागदाच्या नादात हातातलं काम घालवू नकोस.”

मामाने गुंडाळी करून रबर लावलं. “बघू,” एवढंच म्हणाला. पट्टीला ते ‘बघू’ मामीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती त्या ऑफिसात गेली. रिसेप्शनिस्टने अपॉइंटमेंट विचारली. पट्टी न थांबता सरांच्या केबिनमध्ये शिरली आणि आपली प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली.

“फिजिओथेरपी सेंटरचं ड्रॉइंग माझं आहे, सर. तुम्ही कच्चं म्हणून नाकारलंत आणि बांधायला घेतलंत.”

सरांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ऑफिसात आलेलं काम ऑफिसचं असतं.”

“मी तुमच्या ऑफिसात नव्हते. तुम्ही मला घेतलंच नाही.”

“रॅम्प, दार, बाक. यातलं तुझं काय आहे? रॅम्पचा शोध तू लावलास?”

मुलाखतीतलं ‘तुम्ही’ आता गळून पडलं होतं. पट्टीला त्याचं काही वाटलं नाही. उलट बोलणं सोपं झालं.

“त्यात एक चूक आहे,” ती म्हणाली. “ती माझी आहे, म्हणून मला माहीत आहे. तुमच्या ऑफिसात कोणालाच दिसली नाही, कारण तुम्ही नुसतं वरचं नाव बदललंत.”

सर खुर्चीत सरळ झाले. “कुठे?”

“आधी पत्र द्या. ड्रॉइंग मी केलं असं, तुमच्या सहीचं. मग सांगते.”

“मला अटी घालतेस?” ते हसले, पण हसू वरवरचं होतं. टेबलावरची पेन्सिल त्यांनी दोनदा फिरवली. “हे बघ. इंटर्नशिप हवी आहे ना? सोमवारपासून ये. सहा महिन्यांचं पत्र माझ्या हातचं. या कागदाबद्दल मात्र पुन्हा एक शब्द नाही.”

‘हो’ अगदी ओठांवर आलं. या शहरात त्या पत्राला किती वजन होतं, ते तिला ठाऊक होतं.

“आणि चूक?”

“तीन दिवसांनी रॅम्पचं काँक्रीट आहे. एका पोरीच्या शंकेसाठी मी काम थांबवणार नाही. बारीकसारीक काँट्रॅक्टर बघून घेतो.”

“मग नको.”

सरांनी कागद तिच्याकडे ढकलला. तो टेबलाच्या कडेवरून खाली पडला आणि तिला वाकून उचलावा लागला. “तुझे विभागप्रमुख आणि मी एका बाकावर शिकलो. या शहरात कोण तुला दारात उभं करतं, ते मीही बघतो.”

ती तणतणत घरी गेली. वाटभर मनात एकच घोळत होतं. चूक तिच्या मुठीत होती, पत्र मिळाल्याशिवाय ती सांगणार नव्हती. सापडू दे त्यांना. बांधू दे तसंच. पडू दे कोणीतरी, मग येतील शोधत.

पडू दे कोणीतरी. हे आपण खरंच मनात बोललो, हे तिला जिना चढताना कळलं. ती तिथेच उभी राहिली. खालून येणाऱ्या शेजारणीने बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा ती भानावर आली. तरी त्या दिवशी ती कुठे गेली नाही. पुढचा अख्खा दिवसही तिने सरांच्या सहीच्या पत्राची आशा धरून घालवला. फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साइटवर पोचली. रॅम्पच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, आत सळ्या बांधलेल्या. सेंटरच्या मालकीणबाई सुताराशी बोलत होत्या. त्या स्वतः फिजिओथेरपिस्ट, खांद्याने रुंद आणि आवाजाने त्याहून.

“साइटवर परवानगीशिवाय यायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या दारासमोर जागा कमी आहे,” पट्टीने एका दमात सांगितलं. “व्हीलचेअर मागे उतारावर जाईल.”

“तू कोण?”

“हे ड्रॉइंग मी केलंय.”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गाडीच्या डिकीतून घडीची व्हीलचेअर काढली आणि सुताराकडून खडू मागून घेतला. “आख.”

पट्टीने सपाट जमिनीवर टेपने मोजून रेघा मारल्या. इथे उतार संपतो, ही सपाट जागा, ही भिंत. सुताराने दाराएवढी प्लायची फळी उभी धरली. बाई पट्टीला म्हणाल्या, “बस खुर्चीत. आणि डावा हात मांडीखाली घाल. माझ्या बऱ्याच पेशंटांचा एकच हात चालतो.”

पट्टी बसली. उजव्या हाताने तिने फळी ओढली. फळी दोन वितीही उघडली नाही तोच खुर्चीच्या पायटेकूला धडकली. ती एका हाताने चाक मागे ढकलायला गेली तशी खुर्ची तिरकी फिरली आणि मागची चाकं रेघेबाहेर गेली.

“चाकं कुठे आहेत?”

“उतारावर.”

“आणि तू कुठे आहेस?”

सुतार फळी धरून दुसरीकडे बघत होता.

“ही चूक तुला कधी कळली?” बाईंनी विचारलं.

“तीन आठवड्यांपूर्वी. तेव्हा हे बांधतायत हे माहीत नव्हतं.”

“ते कधी कळलं?”

“तीन दिवस झाले.”

“उद्या काँक्रीट. मग तीन दिवस काय करत होतीस?”

खोटं बोलता आलं असतं. “ड्रॉइंग माझं आहे असं पत्र मी तुमच्या आर्किटेक्टकडे मागत होते,” पट्टी म्हणाली.

बाईंनी खुर्चीचे हात धरून ती सपाट जागेवर ओढून घेतली. “उठ. त्यांच्याशी मी बोलते. पण तुझे आभार मानीन असं समजू नकोस.” मग त्यांनी तिथूनच फोन लावला. त्या आर्किटेक्टशी जे बोलल्या ते ऐकून सुताराने फळी हळूच खाली ठेवली. काँक्रीट थांबलं.

पुढचं सगळं आठवड्याभरात झालं. पट्टी कुणाची भाची हे साइटवर कळलं आणि काँट्रॅक्टरने मामाचं काम काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला, “तुमच्या घरचीच पोरगी आहे ना ती? मग मला का विचारता?” आणलेले पाइप वर्कशॉपच्या भिंतीला लागून पडून राहिले. मामीने पट्टीशी बोलणं टाकलं. जेवायला बोलवायचं तर ताट आपटून बोलवायची. विभागप्रमुखांनी पट्टीला केबिनमध्ये उभं करून ‘व्यवसायातली शिस्त’ यावर अर्धा तास सुनावलं आणि तिच्याकडून दिलगिरीचं पत्र मागितलं. तिने ते लिहिलं नाही. त्यांनी तिच्या फाइलवर काहीतरी लिहिलं, ते तिला दाखवलं नाही.

लाल गोल करणाऱ्या बाईंनी एक पत्ता दिला. जुन्या शाळांची दुरुस्ती करणारा एक म्हातारा आर्किटेक्ट होता, ऑफिस दोन खोल्यांचं, त्याच्याकडे कोणी टिकत नाही अशी ख्याती. पट्टीने त्याला सगळी हकीकत सांगितली, पत्र मागितल्याचीसुद्धा. त्याने मधे एकदाही मान हलवली नाही.

“म्हणजे चूक झाकून सौदा केलास,” तो म्हणाला.

“करायला गेले. जमला नाही.”

“जमला असता तर?”

“तर कदाचित गप्प बसले असते.”

“उद्या आठला ये. शाळेची स्वच्छतागृहं मोजायची आहेत. घाण आहे, नाक मुरडलंस तर परत पाठवीन.”

घरी येऊन तिने मामाला वर्कशॉपमध्ये गाठलं आणि जागा मिळाल्याचं सांगितलं. मामाने वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

“तू मला आधी सांगायला हवं होतंस,” तो म्हणाला. “साइटवर जाण्याआधी. मी नाही म्हणालो असतो, तरी सांगायला हवं होतं.”

“नाही म्हणाला असतास?”

“हो.” त्याने मुखवटा खाली ओढला. ठिणग्या उडायला लागल्या तशी ती मागे सरली आणि बाहेर पडली.