नुसती चालत होती

टिल्लीची आत्या टीव्हीसाठी मालिका लिहायची. भाऊ, वहिनी आणि भाची अशा तिघांबरोबर ती तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायची, आणि टिल्लीचं ऐकून शेजारीपाजारीही तिला आत्याच म्हणत. टिल्ली जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, म्हणून ते नाव पडलं. आता पंधराव्या वर्षी ती बापापेक्षा उंच होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

त्या दिवशी आत्या चॅनेलच्या ऑफिसात मॅडमसमोर बसली होती. मालिकेत काय घडायचं आणि काय नाही, हे या मॅडम ठरवायच्या. नायिकेला एक पंधरा वर्षांची मुलगी होती, आणि भांडण तिच्यावरूनच होतं.

"ही घरी उशिरा येते," मॅडम कागद उलटत म्हणाल्या. "छान. कुठे होती?"

"चालत होती."

"कोणाबरोबर?"

"एकटीच. बसमधून एक थांबा आधी उतरते आणि चालत घरी येते. तेवढा वेळ तिला कोणी काही विचारत नाही, म्हणून."

"आणि?"

"आणि काही नाही. नुसती चालते."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, नुसत्या चालण्याने गोष्टीचा ट्रॅक होत नाही. ही दार आपटत नाही, उलट बोलत नाही, फोनला चिकटलेली नाही. मग ही टीनएजर कसली? कोपऱ्यावर बाइकवाला मुलगा ठेवा. बाप बघतो, घरी आल्यावर तिचं दप्तर उपसतो, त्यात मुलाचा फोटो. संपला एपिसोड."

"सगळी मुलं अशी नसतात हो."

"नसतात. पण लोकांना तशी वाटतात. आपण लोकांसाठी लिहितो."

आत्याने पुष्कळ डोकं आपटलं. मॅडम काही हलल्या नाहीत. शेवटी नाइलाजाने तिने बाइकवाला आणला, दप्तर उपसलं, फोटो काढला, आणि बापाच्या तोंडी एक वाक्य दिलं: 'नुसतं चालायला कोणी जात नसतं!' मॅडमना ते इतकं आवडलं, की जाहिरातीतही तेच वाजायला लागलं. ती मुलगी करणारी नटी तेवीस वर्षांची होती. दोन वेण्या घालून ती अशी काही रडली, की सेटवरच्या मेकअपवालीचेही डोळे भरून आले.

एपिसोड लागला तेव्हा भाऊ सोफ्यावर पुढे सरकून बसला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं; दिवसभर लोकांचे नंबर काढून तो दमून यायचा आणि बहिणीची मालिका कौतुकाने बघायचा. वहिनी नर्स होती, तिची रात्रपाळी होती. टिल्ली मात्र अर्ध्यातच उठून आत गेली. आत्याने ते पाहिलं, आणि का ते तिला कळलं. एक थांबा आधी उतरून चालत येणारी मुलगी टिल्लीच होती. तिनेच एकदा भांडी पुसता पुसता सहज आत्याला सांगितलं होतं.

दोन दिवसांनी टिल्लीला घरी यायला उशीर झाला. ती दारात चप्पल काढतेय तोच भाऊ म्हणाला, "कुठे होतीस?"

"चालत आले."

"कोण आहे तो?"

"कोण तो?"

"मी काही दुधखुळा नाही. दप्तर आण इकडे."

"दादा, काय चालवलंयस?" आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. पण भावाने तोवर दप्तर जेवणाच्या टेबलावर पालथं केलं होतं. वह्या पडल्या, कंपासपेटी उघडून कर्कटक घरंगळत गेलं, केसांचे रबर, बिस्किटांचा चुरा, एक पाय तुटलेला चिमटा. फोटो वगैरे काही नव्हतं. त्याने वह्यासुद्धा झटकून पाहिल्या. टिल्ली भिंतीला टेकून नुसती बघत राहिली.

"मी नुसती चालत होते, बाबा."

"नुसतं चालायला कोणी जात नसतं!"

आत्याच्या कानशिलात कोणी वाजवावी तसं झालं. "दादा, ते वाक्य मी लिहिलंय."

"मग? बरोबरच लिहिलंयस ना!"

"मला लिहायला लावलं. खोटं आहे ते."

"खोटं असतं तर एवढे लोक बघतील?" भाऊ म्हणाला.

टिल्लीने वह्या एकेक करून दप्तरात भरल्या. खोलीत जाताना ती आत्याजवळ थांबली. "तुला सांगितलं होतं ते टीव्हीवर गेलं," ती म्हणाली. "आणि तेही खोटं करून." मग तिने खोलीचं दार अगदी हलक्या हाताने लावून घेतलं. तिने ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं.

पुढचा आठवडाभर टिल्ली तिच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नाही. शाळेतून ती थेट दारापाशीच्या थांब्यावर उतरायला लागली. भावाला वाटलं, पोरगी वळणावर आली. तो वहिनीला तसं सांगायलाही गेला. वहिनी नुकतीच रात्रपाळी संपवून आली होती. "वळणावर नाही, गप्प झालीय," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात गप्प पेशंटला आम्ही जास्त घाबरतो." त्याने ते हसण्यावारी नेलं.

आत्याने मग एक प्रसंग लिहिला. त्यात बाप मुलीच्या मागून लपतछपत जातो. ती चालते, एका कुत्र्याला वळसा घालते, बंद दुकानाच्या काचेत केस सारखे करते, पुन्हा चालते. बाइकवाला येतच नाही. बाप तिला गाठतो आणि खजील होऊन विचारतो, "मी बरोबर आलो तर चालेल?" ती म्हणते, "आज नको." बस, एवढंच.

मॅडम हे कधीच मान्य करणार नाहीत, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती कागद घेऊन सरळ सेटवर गेली. तिचं नशीब की बाइकवाल्या नटाला त्या दिवशी ताप आला होता, आणि दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला होता. बापाचं काम करणाऱ्या जुन्या नटाने कागद वाचले. "यात शेवटी माझा क्लोजअप आहे?" त्याने विचारलं.

"भलामोठा."

"मग काय, करून टाकू!"

अशा रीतीने तो प्रसंग चित्रित झाला, आणि वेळेत दुसरं काही तयार नसल्याने मॅडमना न विचारता लागलाही. आत्याला वाटलं होतं, निदान घरात तरी काहीतरी हलेल. भाऊ शेवटपर्यंत बघत होता. संपल्यावर म्हणाला, "संथ होता आजचा. काही घडलंच नाही."

"बाबा," टिल्ली बऱ्याच दिवसांनी बोलली, "त्या बाबांनी निदान विचारलं तरी."

"त्याला तुझी आत्या लिहून देते," भाऊ म्हणाला आणि चॅनेल बदललं.

चॅनेलकडे काही मुलामुलींचे मेसेज आले: आमच्या आईबाबांनाही हा भाग दाखवा. त्याहून जास्त पालकांचे आले: मुलांना फितवता काय? मॅडमनी आत्याला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं.

"मी तोडगा काढलाय," त्या म्हणाल्या. "मुलगी होस्टेलला जाते, आणि आपण सात वर्षांचा लीप घेतो, गोष्ट एकदम पुढे. परत येते ती बावीस वर्षांची, सूड घ्यायला. मधल्या वयाची कटकटच नको."

"म्हणजे तिला मोठी होऊच द्यायची नाही?"

"झाली की! लीपमध्ये."

"मी नाही लिहिणार."

"नका लिहू. दुसरे आहेत लिहायला," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला दुसरी मालिका देते. चांगलं लिहिता हो तुम्ही, फक्त हट्टी आहात."

घरी येऊन आत्याने टिल्लीला सगळं सांगितलं. टिल्ली नखं कुरतडत ऐकत होती.

"यापुढे माझं काही घ्यायचं असेल, तर आधी मला विचार," ती म्हणाली. "आणि त्यांना ते बदलू देऊ नकोस."

"बदलणं माझ्या हातात नसतं गं."

"मग घेऊ नकोस."

आत्याने होकारार्थी मान हलवली. टिल्ली मग पाय दुमडून पलंगावर बसली आणि लीपमधल्या सात वर्षांत त्या मुलीने काय केलं असेल याची थट्टा करू लागली. आत्या हसली खरी, पण ते हसू फार टिकलं नाही. भावाने अजून टिल्लीची माफी मागितली नव्हती, आणि मागेल अशी चिन्हंही नव्हती.

नव्या मालिकेचा आराखडा आठवड्याने आला. पहिल्याच प्रसंगात घरातला सोळा वर्षांचा मुलगा टीव्हीची काच फोडतो, असं होतं. आत्याने मॅडमना फोन लावला.

"तो काच का फोडतो?"

"म्हणजे?"

"कारण काय?"

"अहो, सोळा वर्षांचा आहे ना तो!"

"ते त्याचं वय झालं. कारण सापडल्याशिवाय मी त्याला काच फोडू देणार नाही."

पलीकडून एक लांब सुस्कारा आला. "बरं," मॅडम म्हणाल्या. "पण सोमवारच्या आत सापडू दे."