झोपायच्या खोलीतली हवा

रेजाँशी लग्न केलं तेव्हा मी साठी ओलांडली होती. या वयात लग्न म्हणजे दुसरीनं मांडलेल्या संसारात उपरी होऊन शिरणं, हे मला आधीच कळायला हवं होतं. शिकुतिमी गावातलं त्याचं घर दुमजली आणि भक्कम आहे. प्रत्येक खिडकीखाली खोली तापवणारा बिडाचा जाडजूड रेडिएटर, त्यांत गरम पाणी सोडणारा बॉयलर तळघरात. पण उगेत, त्याची पहिली बायको, जाऊन बरीच वर्षं झाली तरी मिठाची बरणी तिनं ठेवली तिथेच होती. मी हलवली की संध्याकाळपर्यंत पुन्हा जागेवर. आपणच ती परत ठेवतो हे रेजाँच्या लक्षातही येत नसावं.

बरण्यांचं मी चालवून घेतलं. झोपायची खोली मात्र सोसेना. लग्न झालं भर फेब्रुवारीत, आणि माझा मधुचंद्र लोकरीचे मोजे, स्वेटर आणि कानटोपीत गेला. सगळं घर ऊबदार, तेवढी एकच खोली गारठलेली. रेजाँला विचारलं तर म्हणाला, ती खोली नळाच्या टोकाला आहे, तिथे पाणी नीट पोचत नाही. मी म्हटलं, असेल बाबा.

ऑक्टोबरात बॉयलर सुरू करायच्या आधी रेडिएटरमधली हवा काढायची असते. हवा अडकली की गरम पाणी पुढे सरकत नाही. हे दोघांचं काम आहे. रेजाँ तळघरात प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवून पाणी सोडणार. पाणी भरलं की पान्ह्यानं नळावर एक टोला. मग मी वर छोट्या चावीनं रेडिएटरचा पितळी स्क्रू जरासा फिरवायचा, खाली कप धरायचा. आधी फुस्स करून गंजकट वासाची हवा येते, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. धार आली की स्क्रू बंद आणि माझे दोन टोले. स्वयंपाकघर झालं, बैठकीची खोली झाली, वरची न्हाणी झाली. तेवढ्यात रेजाँ हात पुसत वर आला आणि आटपलं म्हणाला.

झोपायची खोली राहिली की, मी म्हटलं.

"तिथली नाही काढत आपण."

मी जाऊन पाहिलं. बाकी सगळ्या खोल्यांतले स्क्रू लख्ख होते. या स्क्रूवर क्रीम रंगाचे थरावर थर चढलेले. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता. नळाचं टोक वगैरे सगळी थाप होती.

"उगेतला थंड खोलीतच झोप लागायची," रेजाँ बुटांकडे बघत म्हणाला.

"उगेत आता जिथे आहे तिथे तिला हवी तेवढी थंडी आहे," मी म्हटलं.

बोलून गेले आणि जीभ चावली. रेजाँ जिना उतरून गेला. मी पलंगाच्या कडेवर बसले. शब्दांचं वाईट वाटलं, पण मागणीचं नाही. या घरात मी बायको आहे की पाहुणी, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पाहुणी असेन तर माझी बॅग कपाटावरच होती. मी त्याचा कोट खुंटीवरून निघाल्याचा, दार लागल्याचा आवाज ऐकायची तयारी केली.

खालून नळावर एक टोला आला.

मी नखं कापायच्या कात्रीनं रंग खरवडला. चावी आधी हलेना. मग एकदम सैल झाली आणि हवा सुटली. ती संपता संपेना. शेवटी काळं पाणी आलं, मग स्वच्छ. मी दोन टोले दिले.

बॉयलर पेटला. रेडिएटर टिकटिक करत तापू लागला तसा रेजाँ वर आला आणि त्याला पाठ टेकून सरळ जमिनीवरच बसला. डोळे मिटून घेतले. इतकं निवांत झालेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मलाही इथे थंडी वाजायची," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"उगेतशी लग्न झालं तेव्हापासून."

"मग तिला बोलला का नाहीस?"

"तिला झोप छान लागायची गं."

मला त्या बाईचा हेवा वाटला, आणि या माणसाबद्दल फार प्रेम वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. जो एका बायकोसाठी अख्खा संसार कुडकुडत काढतो आणि चकार शब्द काढत नाही, तो दुसरीचं काय काय गिळत असेल? मी त्याच्या शेजारी, गरम लोखंडाला पाठ लावून बसले आणि विचारलं, माझं काय सोसतोस ते खरं सांग.

काहीच नाही, तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"सलगमचं सूप," तो शेवटी म्हणाला.

ते मी दर शुक्रवारी करते. माझ्या आईची पद्धत.

"अरे, पण तू तर दरवेळी दुसऱ्यांदा मागून घेतोस."

"तू भरलेला डाव घेऊन उभी असतेस ना," रेजाँ म्हणाला.