ऑपरेटरचा दोष

"‘निष्काळजीपणा’ एवढा एक शब्द आला पाहिजे, बाकी रिपोर्ट तुमचा," असं म्हणत खाणीच्या मॅनेजरने फुटका ड्रोन माझ्या टेबलावर आदळला. दोन हात तुटलेले, कॅमेरा वायरीला लोंबतोय आणि पोटात बॅटरी तशीच. बॅटरी काढल्याशिवाय मशीन टेबलावर ठेवू नये, अशी ठळक पाटी त्याच्या नाकासमोर होती. पण पाट्या वाचणं मोठ्या माणसांच्या इभ्रतीला शोभत नाही.

मी ड्रोन दुरुस्त करते. सकाळी उणे चार अंशांत दगडांच्या ढिगांची मोजणी चालू असताना हा ड्रोन वरून थेट पोकलेनच्या केबिनवर पडला होता. काच फुटली, आतला माणूस थोडक्यात वाचला आणि वरच्या ऑफिसने चौकशी लावली. दोष मशीनचा की उडवणाऱ्याचा, हे मी लिहून द्यायचं होतं. उडवणाऱ्याचा ठरला तर त्याची नोकरी जाणार होती, आणि पुढे कुठल्याही साइटवर त्याला कुणी उभं केलं नसतं.

"ऑपरेटर कोण, ते ठाऊक आहेच तुम्हाला," मॅनेजर मिशीत हसला. "तुम्हाला काही जड जायचं नाही." खाणीची सातही मशीन्स दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, याचीही त्याने जाता जाता आठवण करून दिली.

ऑपरेटर म्हणजे माझा पूर्वीचा नवरा. नऊ वर्षं संसार केला. त्यातली शेवटची दोन तो घरी फक्त कपडे बदलायला येत होता. कुणाच्या घरून येतो ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, मला सर्वांत शेवटी कळलं. थंडीत ड्रोन कसा उडवायचा, हे त्याला मी शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या बॅटऱ्या मी माझ्या स्वेटरच्या आत, काखेत धरून बसायचे, कारण गार बॅटरी आकडा साठ टक्के दाखवते आणि ऐन वेळी दगा देते. पुढे तो चारचौघांत ही युक्ती स्वतःची म्हणून सांगू लागला. असा माणूस.

आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, देवाने ताटात वाढून आणलंय, आता नको म्हणू नकोस. मलाही नको म्हणायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी त्या संध्याकाळी गुणगुणत कॉम्प्युटर सुरू केला.

ड्रोन प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो. उडताना बॅटरी एकवीस अंशांवर होती, म्हणजे कुणीतरी ती अंगाशी धरून गरम ठेवली होती. उडाल्यावर पुरुषभर उंचीवर एक मिनिट स्थिर, बॅटरी आणखी तापावी म्हणून, मी शिकवलं होतं अगदी तसं. मग हळूहळू चढ, कुठेही हिसका नाही. आठव्या मिनिटाला बॅटरी गार पडायला लागली, तसं त्याने परतीचं बटण दाबलं. सगळं जिथल्या तिथे. मला रागच आला. निदान एक तरी चूक करायची.

आणि मग एकदम हात बदलला. परत येणारा ड्रोन मध्येच थांबवला, रिमोटच्या दोन्ही दांड्या टोकापर्यंत रेटल्या, मशीन जिवाच्या आकांताने वर. बॅटरीचं व्होल्टेज कोसळलं. धोक्याची सूचना तीनदा आली आणि तीनदा स्क्रीनवर बोट लावून घालवली. माझा पूर्वीचा नवरा थंडीत जाड हातमोजे घालतो. त्या हातमोज्यांनी स्क्रीन चालतच नाही, म्हणून तो सगळं बटणांवर करतो. बोट उघड्या हाताचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. दाढी वाढलेली, दारातच उभा राहिला. मी बस म्हटलं नाही.

"लिहून टाक काय लिहायचंय ते," तो म्हणाला. "आयती संधी आलीय. सोडणारी नाहीस तू."

"रिमोट कुणाच्या हातात होता?"

"मॅनेजरसाहेबांनी पाहुणे आणले होते. मला दाखव म्हणून हिसकावून घेतला. आता म्हणतात, हात पण लावला नाही. पाहुण्यांनी काही पाहिलं नाही." मग त्याला वाटलं असावं की फारच गरिबीने बोललो. "तुला सांगून काय उपयोग म्हणा. तू आधीपासूनच आतल्या गाठीची."

मी त्याला चालता हो म्हटलं. तो गेल्यावर मी पुन्हा नोंदी उघडल्या. तेव्हा ‘निष्काळजीपणा’ लिहिला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. नोंदी वाचता येणारी आसपास मी एकटीच. एक शब्द लिहिला की सगळी नऊ वर्षं वसूल. पण उडाल्यावरचं ते स्थिर एक मिनिट डोळ्यांसमोरून हलेना. ते माझं होतं. त्याला दोषी लिहायचं तर आधी मी शिकवलेलं चूक आहे असं लिहावं लागणार होतं. ते माझ्याच्याने होईना.

रिपोर्टात मी लिहिलं: ऑपरेटरचा दोष नाही. नवव्या मिनिटापासून मशीन दुसऱ्या व्यक्तीच्या हातात होतं. खाली सही ठोकली.

मॅनेजरने कागद वाचला, शांतपणे घडी घातली. "नवऱ्याला वाचवलंत," तो म्हणाला. "नात्यातल्या माणसाचा रिपोर्ट चालत नाही, मॅडम." विरुद्ध लिहिला असता तर तेव्हा कुठलं नातं? पण मी हे विचारेपर्यंत तो थांबला नाही. सातही मशीन्स दुसरीकडे गेली. रिपोर्ट दुसऱ्याकडून आला, त्यात तो शब्द होता आणि ऑपरेटरची नोकरी गेली ती गेलीच. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकू मात्र भरभरून बोलल्या: शेवटी बाईचं काळीज. मला त्यांचं झेरॉक्स मशीन फोडावंसं वाटलं.

माझ्या रिपोर्टाची प्रत मागायला पूर्वीचा नवरा पुन्हा आला. कागद घेतला, वाचला, आणि इतक्या वर्षांत न दिसलेलं ते जुनं हसू तोंडावर आणून म्हणाला, "अजून जीव आहे म्हणायचा माझ्यावर."

"बॅटरी गरम होती म्हणून लिहिलं," मी म्हटलं. "गार असती तर तुला पुरता गाडला असता. नीघ."

हसू गेलं. तो निघाला. आभार मानले नाहीत. मानले असते तर मी कागद फाडला असता.

महिन्याने एका पुलाच्या कामावरून इंजिनिअर बाईंचा फोन आला. एक ऑपरेटर आलाय, त्याच्याकडे दोन रिपोर्ट आहेत, एकात दोषी, एकात निर्दोष. निर्दोषवाल्यावर तुमची सही आहे. जागा नदीवर, धुकं आणि गारठा, खाली माणसं काम करत असतात. माणूस कसा आहे?

माझ्यासमोर कुणाची तरी मोटर उघडी पडली होती. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"माणूस वाईट आहे," मी म्हटलं. "खोटं बोलतो, दुसऱ्याचं श्रेय घेतो, शब्दाला जागत नाही."

बाई फोन ठेवणार, असं वाटलं.

"पण खाली माझं माणूस काम करत असतं ना," मी म्हटलं, "तर वर ड्रोन उडवायला मी त्यालाच उभं केलं असतं."

त्यांनी त्याला घेतलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.