पुलावर अडकलेली होडी

वरळी कोळीवाड्यातला हरेश्वर परळच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. संप लांबत गेला, गिरणी उघडलीच नाही, तेव्हा त्याने एक जुनी पेट्रोलवरची पिकअप घेतली आणि ससून डॉकवरून दादरच्या बाजारात मासळी आणायला सुरुवात केली. शेजारी बायको मंजुळा, मागे बर्फात पापलेटं. धंदा बरा चालला होता, पण पिकअप सारखी खोकायची आणि हरेश्वरला तिची लाज वाटायची.

यावर उपाय सांगितला कमलाकांतने. हा गिरगावचा पाठारे प्रभू, त्याच गिरणीत टाइम ऑफिसचा कारकून. नोकरी सुटल्यावर मोटारींचा जुना नाद त्याने पुन्हा धरला होता. इंजिनाचा धूर मोकळा बाहेर जाऊ दे, मग बघ गाडी कशी पळते, असं त्याचं म्हणणं. दोघांनी दारूखाना बंदरातल्या जहाजांच्या भंगारातून एक जाडजूड पाईप हुडकला, सायलेन्सर आणि त्याची बारीक नळी काढून टाकली आणि तो पाईप इंजिनापासून थेट मागच्या टोकापर्यंत बसवला.

गाडी सुरू झाली आणि कोळीवाड्यातले सगळे कावळे एकदम उडाले. रिकामी पिकअप हाजीअलीच्या सपाट रस्त्याला लागली ती अशी सुसाट की दोघे बाप्ये पोरांसारखे ओरडत होते. मंजुळाने कानात कापसाचे बोळे घातले, पण बाजारातली गिऱ्हाइकं आवाज ऐकूनच पिशव्या घेऊन उभी राहायला लागली, म्हणून तिने ते चालवून घेतलं.

त्याच सुमारास हरेश्वरच्या धाकट्या भावाने, धर्माने, गिरणीचा विचार सोडून पुन्हा समुद्रावर जायचं ठरवलं. त्याने दारूखान्याला होडी बांधून घेतली. ती समुद्रातूनच न्यायची, पण म्हातारी आई गुणवंती हटून बसली. होडीला पहिलं पाणी लागेल ते आपल्या वरळीचं, असं तिने बजावलं. मग होडी ट्रॉलीवर चढवली, ट्रॉली पिकअपला बांधली. पुढे झेंडूच्या माळा, मागे होडीत धर्मा आणि त्याचे लालबागचे बॅन्जोवाले मित्र, त्यांच्या मागून टॅक्सीत मंजुळा आणि कोळीवाड्यातल्या बायका. कमलाकांत पांढरीशुभ्र पँट घालून हरेश्वरच्या शेजारी बसला.

लालबाग, परळ झोकात पार पडलं. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. हरेश्वरची छाती फुगली होती. मग आला एल्फिन्स्टनचा पूल.

चढ सुरू झाला तशी गाडीची चाल मंदावली. हरेश्वरने पहिला गिअर टाकला. पाईप गडगडत होता, पण ओढ काही लागेना. आवाज खोल गेला, गाडी हिसके देऊ लागली आणि अर्ध्या चढावर बंद पडली. पुन्हा सुरू केली. या वेळी त्याने इंजिन पार किंचाळेपर्यंत फिरवलं, तर गाडी वीतभर सरकली आणि क्लचचा जळका वास सुटला. धर्माने उडी मारून चाकांखाली दगड लावले. मागे टॅक्सीवाले हॉर्न वाजवायला लागले. त्यात बॅन्जोवाल्यांना वाटलं, थांबलो म्हणजे वाजवायचं. त्यांनी सूर धरला.

मंजुळा मागच्या गाडीतून उतरून खिडकीशी आली. "वाघ पाळलाय ना तुमी," ती म्हणाली, "त्याला सांगा जरा ओढायला."

हरेश्वर आधी ओशाळला, मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. कमलाकांतही डॅशबोर्डवर हात ठेवून हसत सुटला.

पुलाच्या पायथ्याशी चहा पीत बसलेले गिरणीतले जुने सोबती धावत आले. पिकअपला पुढून दोर बांधला. दोराला बायका, मागून बाप्ये, कमलाकांत आपल्या पांढऱ्या पँटीसकट होडीच्या बुडाला खांदा लावून. बॅन्जोच्या ठेक्यावर दोर ओढला जाऊ लागला. कितीतरी दिवसांनी ते सगळे असे एकत्र कामाला लागले होते. टॅक्सीवालेही उतरले. होडी, ट्रॉली आणि पिकअप अशी सगळी वरात माणसांनी पुलावर चढवली. माथ्यावर पोचल्यावर टाळ्या पडल्या. संध्याकाळी होडी वरळीच्या पाण्यात उतरली आणि गुणवंतीने तिच्यावर नारळ वाढवला.

पाईपाचा दोष कमलाकांतच्या मनाला लागला होता. दुसऱ्या दिवशी तो आणि हरेश्वर गाडीखाली आडवे पडून विचार करत राहिले. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात जातं, हे कमलाकांतला आठवलं. पाईप रुंद असला की हळू चालताना धूर त्यात रेंगाळतो, त्याच्या वेगाने मागचा धूर ओढला जात नाही आणि इंजिनाचा जोर जातो. गाडी भरधाव असली तर रुंद पाईप चालतो. पण वजन घेऊन चढायचं तर हळूच चालावं लागतं. त्यांनी जुन्या नळीपेक्षा थोडीच मोठी नळी बसवली आणि सायलेन्सर परत लावला.

आता वजन लावून बघायला हवं होतं. ट्रॉली दारूखान्याला परत द्यायचीच होती, पण ती रिकामी. हरेश्वर वाळूच्या गोणी शोधायला निघाला तेव्हा मंजुळा म्हणाली, "गोण्या कशाला? आमी बसतो."

बघता बघता कोळीवाड्यातल्या बायका ट्रॉलीत चढल्या. गुणवंतीला मधोमध पाट दिला. पिकअप पुलाकडे वळली. चढ आला. त्याने दुसऱ्या गिअरवरच ठेवली. गाडी न खोकता, न हिसके देता, शांतपणे वर निघाली. मागे बायकांची गाणी एवढी जोरात चालली होती की इंजिन ऐकूच येत नव्हतं. माथ्यावर कमलाकांतने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हात हलवले.

पूल उतरल्यावर हरेश्वरने सगळ्यांना उतरायला सांगितलं. कुणी हललं नाही. पुन्हा एकदा, असा गलका झाला. त्यांनी पुन्हा पूल चढला, उतरला, परत चढला. मग गुणवंती पाटावरून म्हणाली, "आता गिरगाव दाखव मला. या भाऊंचं घर बघूया."

कमलाकांत काही बोलायच्या आत पिकअप गिरगावच्या रस्त्याला लागली होती. त्याची बायको उर्मिला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली ट्रॉलीभर कोळणी गात आल्या आणि पुढे पिकअपच्या खिडकीतून आपला नवरा टाळ्या वाजवतोय, हे बघून तिच्या हातातली चादर खाली पडली ती नेमकी गुणवंतीच्या डोक्यावर. चादरीखालून म्हातारीचं हसू ऐकू आलं. उर्मिला वरून ओरडली, "साखर घेऊन या हो, पातेलंभर चहा लागणार!" आणि ती आत पळाली.