औटरला थांबलेली गाडी

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर रविराजचा सायबर कॅफे होता. पुढे दोन-तीन वर्षांत तिथे मोबाइलचं दुकान आलं आणि जिन्यावरची 'येथे इंटरनेट मिळेल' ही पाटी तेवढी उरली. ही गोष्ट त्याआधीची, २००७ च्या उन्हाळ्यातली.

राजश्री तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरच्या संगणकावर काम करायची. शिरूरला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला दौंडला आईवडिलांकडे जायची. तिचे वडील साहेबराव दौंडला रेल्वेत होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

दौंडात एक रीत आहे. ड्रायव्हर निवृत्त व्हायचा असला की त्याच्या शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घालतात. गाडी येते तेव्हा घरची माणसं, शेजारी, हलगीवाले हजर असतात. ड्रायव्हर हँडलवरचा हात काढून खाली उतरतो, बायको ओवाळते, पेढे वाटले जातात आणि माणूस वाजतगाजत घरी येतो. राजश्रीने लहानपणी अशा कितीतरी फेऱ्या पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मनात धरलं होतं, आपल्या आबांची आली की आपण थेट इंजिनात चढायचं.

ती आलीच नाही. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत आबांचा लाल-हिरव्यात घोळ झाला. साखरेच्या आजाराने नजर खाल्ली होती. त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात खुर्ची दिली. आदल्या आठवड्यात मनमाडहून आणलेली सिमेंटची मालगाडी आपली शेवटची होती, हे ती आणताना त्यांना ठाऊक नव्हतं. त्यावर ते कधी चिडले नाहीत. "नियम बरोबर हाय," म्हणायचे, "दिवा दिसत न्हाई त्यानं गाडी हाकू नये." आणि पुढे, "फकस्त कुणी आधी सांगितलं आसतं तर रस्ता जरा नीट बघून घेतला आसता."

ते एक वाक्य राजश्रीच्या डोक्यात घर करून बसलं होतं. म्हणून पुण्यात एका दुकानात रेल्वे चालवायच्या गेमची सीडी दिसली तेव्हा तिने मागचापुढचा विचार केला नाही. खोक्यावर डिझेल इंजिनाचं चित्र, आत वेग वाढवायचा नॉच, ब्रेक, सीटी, सगळं. आबा एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. त्या संध्याकाळी घरच्या संगणकावर त्यांची शेवटची फेरी लावायची, असं तिने ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. घरचा संगणक दौंडच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून दिलेला. गेमने आधी ग्राफिक्स कार्ड मागितलं. ते बसवलं तर पॉवर सप्लायला ते झेपेना, मशीन फटकन बंद पडे. तो बदलला तर रॅम कमी पडली. मार्चमधले सगळे रविवार राजश्रीने स्क्रू ड्रायव्हर घेऊन पलंगावर बसून काढले. आई, ताईबाई, दारातून बघून म्हणायची, "आगं, खरं इंजान तरी एवढं खोलत न्हाईत."

शेवटी गेम मशीनवर चढला आणि म्हणाला, आता इंटरनेटवरून नोंदणी करा, मगच चालेन. घरी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. नोंदणी निम्म्यावर आली की लाइन तुटायची, आणि तुटली नाही तर नेमका गिताबाई मावशीचा फोन यायचा.

राजश्री सीडी घेऊन शिरूरला आली आणि रविराजकडे गेली. रविराज न्हावऱ्याचा, घरी ऊस, पण याला शेतीपेक्षा केबलींचा नाद. त्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं.

"ताई, ओरिजिनल घेतली?"

"मग?"

"म्हणूनच हा ताप. कॉपी घेतली असती तर आत्तापर्यंत आबा मनमाडला पोचले असते."

तरी त्याने चार नंबरच्या मशीनवर सीडी घातली. त्याच्याकडे ब्रॉडबँड आलं होतं. डबीतला लांबलचक नंबर राजश्रीने वाचला, त्याने टाइप केला आणि पाचच मिनिटांत स्क्रीनवर अभिनंदन आलं. दोघांनाही वाटलं, झालं काम. मोटरसायकल एकदा आरटीओकडे नोंदवली की शिरूरला चालवा नाहीतर दौंडला, तसंच हे. रविराजने चहा मागवला.

तीस एप्रिलला आबांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, झेंडूचा मोठा हार. साहेबांनी आबांच्या वक्तशीरपणावर भाषण केलं. आबांनी ओळखपत्र जमा केलं, सगळ्यांना जयभीम घातला आणि रिक्षाने घरी आले. हलगी नव्हती. दारात ताईबाईने ओवाळलं.

संध्याकाळी राजश्रीने त्यांना संगणकासमोर बसवलं. "आबा, डोळे मिटा." सीडी घातली, बटण दाबलं. निळ्या पाटीवर इंग्रजीत चार ओळी आल्या. राजश्रीने त्या दोनदा वाचल्या. ही प्रत दुसऱ्या मशीनवर नोंदवलेली आहे, असं त्यात म्हटलं होतं. सीडीची नोंदणी नव्हती ती, मशीनची होती. गेम आता शिरूरच्या चार नंबरवरच चालणार होता.

"उघडू का?" आबांनी विचारलं.

"उघडा," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, शेवटच्या फेरीसकट.

आबांनी त्या निळ्या पाटीकडे पाहिलं. "म्हंजी आपलं इंजान शिरूरच्या शेडला हाय," ते म्हणाले. "मग ड्रायव्हरनं शेडला जायचं आसतं. शेड घरी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी एक मे, कारखान्याला सुट्टी. तिघं सकाळच्या एसटीने चौफुला, न्हावरा करत शिरूरला आली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बरोबर गाडीवर न्यायची जुनी पत्र्याची पेटी घेतली होती. पेटीत काय, तर पाण्याची बाटली आणि रुमाल. ताईबाईच्या पिशवीत कालचा हार होता, पेढे होते आणि पेन्शनचे कागद होते. घरात कुणी नसताना कागद मागे ठेवायला तिचा जीव धजावत नव्हता.

कॅफेत शिरताच रविराजचा चेहरा उतरला. "ताई, यांचं फोटोचं ओळखपत्र लागेल हं. नवीन नियम आलाय. त्याच्याशिवाय मशीन देता येत नाही. आणि एका मशीनवर एकच माणूस." त्याने भिंतीवरचा कागद दाखवला. त्याच नियमाने दोन मशीनांच्या मधल्या प्लायवूडच्या भिंतीही काढायला लावल्या होत्या. सगळ्यांना सगळ्यांचे पडदे दिसत.

"ओळखपत्र काल जमा केलं," आबा म्हणाले.

"मतदानाचं?"

"दौंडला, कपाटात."

"रवी, अरे, माझ्या नावावर लाव ना," राजश्री म्हणाली. "आबा नुसते बसतील."

रविराज राजी होता. दाराकडे एक नजर टाकून म्हणाला, "बसा आबा, कोण येतंय आज सुट्टीचं."

पण आबा हलले नाहीत. "दुसऱ्याच्या नावावर गाडी न्हाई हाकत मी. नियमानं उतरवलं तवा गप उतरलो. आता नियम मोडून चढू व्हय?"

राजश्रीला रडू यावं की राग, कळेना. कार्ड, पॉवर सप्लाय, रॅम, नोंदणी, साठेक किलोमीटर एसटी, आणि आता फेरी हातभर अंतरावर आली तर हे. तिने आईकडे पाहिलं. ताईबाई पिशवीत हात घालून खाली बसली होती.

"आवो, ह्याच्यावर फोटू हाय की," तिने पेन्शनचा कागद वर काढला. "सरकारी शिक्कापण हाय."

रविराजने कागद घेतला. फोटो होता, पण नवराबायकोचा जोडीने काढलेला, पेन्शनला लागतो तसा. आबा ताठ, ताईबाई डोक्यावर पदर घेऊन, दोघंही कुणीतरी रागावल्यासारखी.

"काकू, यात दोघं आहेत."

"मग दोघं बसू. येकच फोटू, येकच मशीन."

रविराज हसायला लागला. त्याने कागदाचा नंबर लिहून घेतला, दुसरी खुर्ची ओढली आणि चार नंबर चालू केलं. ताईबाईने हार काढून मॉनिटरवर चढवला.

"काकू, इंजिनाची काच झाकली. वर घ्या जरा."

आबांनी पेटी पायाशी ठेवली, चष्मा पुसला. स्क्रीनवर परदेशातले बर्फाचे डोंगर आले, देवदाराची झाडं आली आणि लांबवर गेलेले दोन रूळ. आबांनी ते निरखले. "ह्ये नगरच्या पुढचं समजू," त्यांनी ठरवलं. "विसापूर, बेलवंडी, श्रीगोंदा, काष्टी आन् दौंड. भरलेली मालगाडी हाय."

"बर्फ?" शेजारच्या मशीनवर परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलीने विचारलं.

"धुकं समज."

मग ते ताईबाईकडे वळले. "असिस्टंटनं सिग्नल बघून मोठ्यानं सांगायचा. मी परत म्हणणार. दोघांनी म्हटल्याबिगर गाडी पुढं न्हाई."

"ठावं हाय," ताईबाई म्हणाली. "तीस वर्सं झोपंत वरडताय तुमी. म्या ऐकलंय की."

पहिला दिवा आला. ताईबाई पुढे वाकली. "हिरवा!"

"हिरवा," आबा म्हणाले आणि नॉच चढवला.

सुरुवातीला जमेना. माउस हातात नीट बसत नव्हता. ब्रेकच्या जागी सीटी वाजली आणि आख्ख्या कॅफेने माना वळवल्या. एकदा गाडी मागेच सरकली. रविराजने मग माउस बाजूला घेऊन कीबोर्डची बटणं दाखवली आणि आबांचं बोट त्यावर ठरलं. गाडी चालू लागली. नागमोडी वळणावर त्यांचं अंग खुर्चीत आपोआप एका कुशीला झुकत होतं. राजश्री मागे कूलरजवळ उभी राहून त्यांची पाठ बघत होती. ही पाठ तिने कधी पाहिली नव्हती. तिला ठाऊक होती ती पेटी उचलून अंधारात जाणारी, नाहीतर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

"आई, पिवळा, पिवळा!" ती ओरडली.

"मधी बोलू नगं, तुजं तिकीट न्हाई," ताईबाई म्हणाली आणि मग आबांना, "पिवळा!"

"पिवळा." नॉच उतरला.

विसापूर गेलं, बेलवंडी गेलं. बिनभिंतींच्या त्या खोलीत आता कुणीच आपल्या पडद्याकडे बघत नव्हतं. कुणी चॅटिंग सोडलं होतं, कुणी नोकरीचा फॉर्म. सिग्नल दिसला की दहा-बारा गळे ताईबाईच्या मागोमाग उठत. काष्टी आली तेव्हा रविराजने बाहेरून हलगीवाला आणायचा का, असं राजश्रीला हळूच विचारलं आणि ती खरोखर जिन्याकडे निघाली.

तेवढ्यात पंखे थांबले.

एक मेची सुट्टी असली तरी लोडशेडिंगला सुट्टी नव्हती. सगळे पडदे काळे झाले. फक्त चार नंबर आणि रविराजचं स्वतःचं मशीन बॅटरीवर होतं, आणि ती बॅटरी टिंग टिंग करायला लागली.

"आबा, पळवा!" रविराज म्हणाला. "दोन-तीन मिनिटं टिकंल. समोर स्टेशन दिसतंय."

स्टेशन दिसत होतंच. बर्फात उजळलेला फलाट, त्यावर बुटक्या खेळण्यांसारखी माणसं. मध्ये एक सिग्नल उभा होता.

ताईबाई गप्प होती. आबांनी वाट पाहिली. "काय हाय?"

तिने एकदा टिंग टिंग करणाऱ्या बॅटरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लाल."

"आबा, गेम आहे हो!" शेजारची मुलगी कळवळून म्हणाली. "घाला पुढं! काही होत नाही."

"लाल," आबा म्हणाले आणि ब्रेक लावला. गाडी सिग्नलच्या अलीकडे अलगद उभी राहिली. बॅटरीने शेवटची टिंग केली आणि स्क्रीन विझला. काळ्या काचेवर झेंडूचा हार तेवढा लोंबत राहिला.

राजश्री अर्ध्या जिन्यात होती, ती तशीच परत आली. "आबा, मी रवीला सांगते, वीज आली की पुन्हा पहिल्यापासून..."

"कशाला?" आबांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसत होते. "दौंडच्या औटरला, ठेसनाबाहेरच्या सिग्नलला, गाडी उभी करत्यातच गं. सदतीस वर्सात कवा सरळ आत घेतलीय? फलाट मोकळा झाला की घेत्यात."

"मग आता?"

"आता काय, बसायचं. ड्रायव्हर इंजान सोडून जात न्हाई."

आणि ते बसले. ताईबाईने पेढ्यांचा पुडा उघडला आणि बारा मशीनच्या बारा माणसांना वाटला. रविराजने खिडक्या उघडल्या. स्टँडवरून दौंडच्या गाडीची आरोळी आली. आबा शेजारच्या मुलीला सांगत होते, औटरला पावसात रात्र कशी जाते, असिस्टंट शेगडीवर चहा कसा करतो, आणि शेतातून कोण कोण कणसं आणून देतं. रस्ता आज त्यांनी नीट बघून घेतला होता; विसापूरपासूनचं एकेक वळण ते बोटाने मांडीवर काढून दाखवत होते.

वीज दोन तासांनी आली. गेमने पुन्हा इंटरनेटवर चौकशी मागितली, तोवर इंटरनेट गेलं होतं. परतीची एसटी गाठायची होती. आबांनी पेटी उचलली, हार मॉनिटरवरच राहू दिला.

पुढे रविराजने चार नंबरचं मशीन विकलं, आणि त्या गेमची नोंदणी घेणारी कंपनीही कधीतरी बंद झाली. सीडी दौंडच्या घरी कपाटात राहिली, मतदानाच्या कार्डाखाली. राजश्री फोनवर विचारायची, "आबा, काय चाललंय?"

"काय न्हाई," ते म्हणायचे. "औटरला हाय अजून. तुझी आई सिग्नल बघतीय."