छतातली जाळी

आमच्या घराण्यात लग्न ठरलं की त्या जोडप्यानं माझ्या घरातली एक खोली रंगवून द्यायची, असा नियम आहे. नियम मीच केलेला आहे. गावात म्हणतात, वर्ना टॉलेफसननं चोवीस वर्षं घराला फुकटात रंग लावून घेतला. म्हणोत बापडे. रंगाचे डबे मी आणते, दोन्ही वेळचं जेवण मी घालते, आणि ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो माणूस कसा आहे ते तीन दिवसांत दाखवून देते. डबे उघडून शिडीवर चढलेल्या माणसाला फार वेळ गोड वागता येत नाही. आजवर पाच जोडपी पास झाली. माझा पुतण्या ड्वाइट आणि त्याची ती पॅटी यांचं मात्र न्हाणीघरातच फिसकटलं. ते न्हाणीघर अजून अर्धं पीच रंगाचं आणि अर्धं पांढरं आहे. मी मुद्दाम तसंच ठेवलंय. लग्न ठरलेली मुलं हात धुवायला आत जातात आणि जरा गप्प होऊन बाहेर येतात.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. समोर बर्फाचा रस्ता आणि डोक्यावरच्या आरशात पन्नास कार्टी. त्यामुळे लक्ष ठेवायची सवय अंगात मुरलेली आहे, ती निवृत्त झाले म्हणून जात नाही. आता खरं सांगायचं तर माझ्याकडे एक सोयसुद्धा होती. घर जुनं आहे. स्वयंपाकघराच्या छताला एक लोखंडी जाळी आहे, खालच्या शेगडीची ऊब वरच्या खोलीत जावी म्हणून बसवलेली. तिला झडप आहे आणि वरून ती दांडीनं उघडते. वरची खोली माझी शिवणाची. खोली कुठलीही रंगवायला द्या, भांडायला माणसं स्वयंपाकघरातच येतात. मी गोधडी मांडीवर घेऊन वर बसायची. ऊब यायची आणि बाकीचंही सगळं यायचं.

जोएलन माझी भाची. तिची आई गेली, आणि माझा भाऊ ट्रक घेऊन जो गेला तो नाताळची कार्डं पाठवण्यापुरताच उरला. तेव्हा नऊ वर्षांची पोर हातात एक पिशवी आणि एक चिडलेलं मांजर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आता बत्तीस वर्षांची आहे, गुरांच्या डॉक्टरकडे काम करते, तीन गल्ल्या पलीकडे राहते आणि दर रविवारी माझ्याकडे जेवते. तिनं या वसंतात आर्लो नावाचा एक मोजणीदार आणला. लांबलचक, हळूबाई माणूस. वाक्य सुरू केलं की आपण मध्ये कॉफी ओतून यावं, तरी संपलेलं नसायचं. त्याला स्पोकेनमध्ये नोकरी लागली होती. आमच्या विस्कॉन्सिनहून स्पोकेन म्हणजे गाडीनं दोन पूर्ण दिवस, आणि मध्ये सगळं ओसाड मोंटाना.

"लग्न झालं की आम्ही तिकडेच जाणार, आत्या," जोएलन म्हणाली.

"छान," मी म्हटलं.

मला ती जायला नको होती. एवढंच. पण हे तोंडानं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी त्यांना स्वयंपाकघर रंगवायला दिलं.

स्वयंपाकघर मी आजवर कुणालाच दिलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते मी आणि हार्लननं रंगवलं होतं, लोण्यासारख्या पिवळ्या ऑइल पेंटनं. हार्लन जाऊन अकरा वर्षं झाली, भिंत अजून चकाकते. जोएलनला वाटलं, आत्यानं मानाची खोली दिली. ती माझ्या गळ्यातच पडली. आणि मी, मेली, तिची पाठ थोपटत मनात हिशेब करत होते. कारण रंगाची गोष्ट अशी आहे: जुन्या ऑइल पेंटवर आजचा पाण्याचा रंग तसाच चढवला तर तो धरत नाही. आधी घासावं लागतं, मग प्रायमरचा हात द्यावा लागतो. नाहीतर दोन दिवस नवरीसारखी दिसते भिंत, आणि तिसऱ्या दिवशी साय निघावी तसा रंग निघतो. असं झालं की भलीभली माणसं एकमेकांच्या आईबापांवर जातात.

शुक्रवारी सकाळी आर्लो हजर झाला. अर्धा दिवस त्यानं ब्रश हातात घेतला नाही. भिंती धुतल्या, भेगांत पुट्टी भरली, कडांना निळी टेप लावली. विजेच्या बटणांच्या प्लेटा उघडल्या, प्रत्येक प्लेटचे स्क्रू तिच्याच पाठीला टेपनं चिकटवले आणि सगळ्या माझ्या केकच्या भांड्यात ओळीनं लावल्या.

"रंग द्यायचाय रे," मी दारातून म्हटलं, "ऑपरेशन नाही करायचं."

"स्क्रू हरवतात, मिसेस टॉलेफसन," तो म्हणाला. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, वाक्य यायचंय अजून. पण आलं नाही.

जोएलननं रंग ढवळत विचारलं, "आत्या, प्रायमर लागेल का गं?"

"छे! धुतलीये ना? पुरे तेवढं," मी म्हटलं, आणि गुडघे दुखतात असं सांगून वर गेले.

जाळीतून पहिला आवाज त्याचाच आला. "जोएलन, मी स्पिरिटच्या बोळ्यानं घासून पाहिलं. बोळ्याला रंग लागत नाही. हा ऑइल आहे. घासून प्रायमर द्यायला हवा."

"आत्या नको म्हणाली."

"त्या विसरल्या असतील."

"आत्या? तिला एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली कुठलं कार्टं बसमध्ये ओकलं ते नावानिशी आठवतं!"

"तरी पण..."

"म्हणजे ती खोटं बोलते, असं म्हणायचंय तुला? हे बघ आर्लो, मला आई होती, बाप होता, त्यातलं एकही उरलं नाही. आत्या उरली. ती म्हणाली नको, तर नको."

खाली रोलर फिरायला लागला.

माझी सुई चुकली आणि बोटात गेली. खाली जाऊन सांगावं असं वाटलं, नाही असं नाही. पण मग मी स्वतःला समजावलं, की बघा, याला कणा नाही, बायको म्हणाली की गडी गप्प. असा माणूस मोंटानात टायर पंक्चर झालं तर काय करणार? मी दुपारी ट्यूना मासा आणि नूडल्स घालून ओव्हनमध्ये हॉटडिश भाजलं आणि त्याला मुद्दाम करपलेली कड वाढली. त्यानं ती आवडीनं खाल्ली.

रविवारी दुपारपर्यंत दोन हात देऊन झाले. फिकट निळं स्वयंपाकघर, आणि दिसत होतं मोठं देखणं. मी खुर्ची ओढून कॉफी घेऊन बसले, कारण आता टेप काढायची होती.

जोएलननं खिडकीजवळच्या टेपचं टोक धरलं आणि ओढलं. टेपबरोबर बोटभर रंग आला. तिनं आणखी ओढलं, तर हातभर आला. मग टेप संपली तरी रंग येतच राहिला, खिडकीवरून वर, छतापर्यंत. शेवटी फळीएवढा तुकडा सुटला आणि तिच्या डोक्यावर पदरासारखा येऊन पडला. मागे हार्लनची पिवळी भिंत जशीच्या तशी चकाकत होती.

निळ्या पदराखालून ती म्हणाली, "आत्या, तू तर म्हणाली होतीस की..."

"चूक माझी आहे," आर्लो म्हणाला. इतकं झटपट वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "तू सांगितलं होतंस तसं मी ही भिंत नीट धुतली नाही. तेलकट राहिली असणार. ते ऑइलचं मी उगाच म्हटलं."

मग काय, जोएलन माझीच भाची. वीस मिनिटं ती बोलत होती. पानं उलटावी तशी एकेक गोष्ट काढत होती, त्याची हळू चाल, त्याचे ते चिकटवलेले स्क्रू, स्पोकेन. तो मान खाली घालून ऐकत होता. मला जे हवं होतं ते अगदी ताटात वाढून समोर आलं होतं, आणि घास घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "प्लेटा पुसून आणते," आणि केकचं भांडं उचलून वर पळाले.

वर बसून पहिली प्लेट उलटी केली. पाठीवर माझं अक्षर. मी साफ विसरले होते. रंग दिला की कुठला रंग, कधी, ते प्लेटच्या मागे लिहून ठेवायचं, ही हार्लनची शिस्त. तिथं लिहिलं होतं: "ऑइल इनॅमल, दोन हात. घासल्याशिवाय आणि प्रायमरशिवाय यावर काही लावू नये. वर्ना, हार्लन." स्क्रू त्यानं कोपऱ्याला चिकटवले होते, अक्षरांवर टेप येणार नाही असे.

म्हणजे शुक्रवारी सकाळीच त्यानं हे वाचलं होतं. मी "छे" म्हटलं तेव्हा त्याला ठाऊक होतं. ही प्लेट जोएलनच्या हातात दिली असती तर तो जिंकला असता, त्याच मिनिटाला. दिली नाही.

खालून तिचा आवाज आला, आता थकलेला. "एक भिंत धुता येत नाही तुला, आणि मी सगळं सोडून तुझ्याबरोबर दोन दिवसांच्या अंतरावर यायचं. मला विचार करायला हवा, आर्लो."

तो काही बोलला नाही. मीही बोलले नसते तर ती राहिली असती. हे मला अगदी स्पष्ट कळत होतं. मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही गुडघे कडाडले, जाळीला तोंड लावलं आणि बस थांबवताना ओरडायची तशी ओरडले, "भिंत ऑइलचीच आहे! मला माहीत होतं! त्यानं काही केलेलं नाही!"



"आत्या?" जोएलन म्हणाली. "तू कुठून बोलतेस?"

"वरून."

"वरून म्हणजे?"

"छताकडे बघ."

तिनं बघितलं. जाळीतून मला तिचा चेहरा दिसला, केसांत निळ्या रंगाचे पापुद्रे. "तिथं तू कधीपासून बसतेस?"

"पहिल्या जोडप्यापासून."

"ड्वाइट आणि पॅटी?"

"तेही."

"आणि मी सतरा वर्षांची असताना बॉबी लँगशी स्वयंपाकघरातून फोनवर जे..."

"बॉबी लँग मूर्ख होता!" मी म्हटलं. "त्याबद्दल मी माफी मागणार नाही!"

जिना धाडधाड वाजला. ती आली, मी जमिनीवरच होते, उठता येत नव्हतं. मी प्लेट तिच्या हातात दिली. तिनं ती वाचली, दोनदा वाचली.

"मी जाऊ नये असं वाटत होतं तर तसं सांगायचंस, आत्या."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग 'जाऊ नकोस' असं तू म्हणाली होतीस, एवढं तरी बरोबर घेऊन गेले असते ना मी." आणि ती रडायला लागली. मग मीही. शेवटी आर्लोनं येऊन मला काखेत हात घालून उभं केलं.

शिक्षा जोएलननं सुनावली. "एकानं खोटं बोलून भिंत बिघडवली, दुसऱ्यानं खोटं बोलून पांघरूण घातलं. आता दोघं मिळून नीट करा. मी गुरुवारी बघायला येईन." आणि गेली निघून. माझ्याच घरात माझीच परीक्षा!

चार दिवस आम्ही दोघं खरवडत होतो. तो गुणगुणायचा, तेही एकच ओळ, मी चिडायची. मी पॉलिश पेपर गोल फिरवायची, तो म्हणायचा, "सरळ, मिसेस टॉलेफसन, सरळ." मंगळवारी मी विचारलं, "मला का रे वाचवलंस?"

तो घासत राहिला. मी कॉफी ओतून आणली. मग तो म्हणाला, "तुम्हाला नाही वाचवलं. तिला आत्या एकच आहे."

त्या दिवशी मी त्याला हॉटडिशचा मधला तुकडा वाढला.

प्रायमर झाला, दोन हात झाले. शेवटी छत राहिलं. "ते मी करतो, तुम्ही बसा," असं म्हणून त्यानं मला अंगणात पाठवलं. गुरुवारी जोएलन आली, भिंतीवरून नख फिरवलं, टेप ओढून पाहिली, आणि म्हणाली, "पास. दोघंही." प्लेटच्या पाठीवर हार्लनच्या नावाखाली आम्ही नवीन ओळ लिहिली आणि तिघांची नावं घातली. जूनमध्ये लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. निघताना मी गाडीच्या काचेतून म्हटलं, "मला तू जायला नको आहेस." जोएलन म्हणाली, "माहितीये, आत्या." आणि तरी गेली.

ऑक्टोबरात पहिली थंडी पडली. शिवणाची खोली गारठली म्हणून मी झडपेची दांडी ओढली, तर ती हलेना. वाकून बघितलं, तर पात्यांच्या फटीफटीत छताचा पांढरा रंग घट्ट बसलेला, दोन हात, अगदी मन लावून दिलेले. मी स्पोकेनला फोन लावला. आर्लोनं उचलला.

"छत रंगवताना तू माझी झडप चिकटवून टाकलीस."

"हो, आत्या," तो म्हणाला. मला आत्या म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ.

"चुकून?"

"नाही."

मी वाट पाहिली. त्याचं वाक्य यायला वेळ लागतो, हे आता मला माहीत आहे.

"ब्लेडनं कडेकडेनं कापलंत तर सुटेल," तो म्हणाला. "पण आता खाली ऐकायला आहे कोण?"

त्याचं खरं होतं. खाली फ्रिज घरघरत होता, तेवढंच.

"पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आम्ही दोघं येतोय," शेवटी तो म्हणाला. "चार दिवस."

त्याच दुपारी मी दुकानात जाऊन ब्लेडचं पाकीट घेऊन आले.